रुचाची ओटी

लालबाग,
४ नोव्हेंबर २०२४

लेखिकाबाई इरावती सबनीस यांना शेवंती गुणाजी धुरी हिचा नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. मी तुम्हाला नावाने ओळखते. 'वेल मांडवाला' सुरू झाली त्या दिवसापासून रोज साडेसातला ते नाव वाचत आलेय, 'संवाद : इरावती सबनीस'. ते इतकं भरकन जायचं की पुरतं वाचायला मला चार-पाच भाग लागले. तुमचा पत्ता आमच्या मजल्यावरच्या विनीतने दिला. तो तुमच्या सेटवर लाइट सांभाळायचा. सध्या घरी बसलाय, का ते तुम्हाला ठाऊक आहे.

राग आलाय म्हणून लिहितेय, उगाच गोड बोलत नाही. ऐन दिवाळीत, शनिवारी, शेवटचा भाग पाहिला. रुचा सहाव्या महिन्यात. परवापर्यंत तिला घरातला जिना चढताना धाप लागत होती. तिची मोठी जाऊ पद्मजा, जिने दोन वर्षं तिला पाण्यात पाहिलं, ती अचानक येऊन रडली काय, सगळ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या काय, आणि मग काळ्या पडद्यावर अक्षरं आली, 'पाच वर्षांनंतर'. एक पोरगा बॅट घेऊन धावतोय आणि त्याचा बाप सौमित्र त्याला नील म्हणून हाक मारतोय. संपलं.

अहो, बाळंतपण कुठे झालं? डोहाळजेवण नाही, पाचवी नाही, बारसं नाही. पोराचं नाव ठेवलं कुणी? आमच्या मजल्यावरच्या बायकांनी रुचाच्या डोहाळजेवणाच्या दिवशी टीव्हीपुढे बसून गाणी म्हणायचं ठरवलं होतं. मी हिरव्या खणाची कुंची शिवायला घेतली होती. आमच्या ह्यांनी विचारलं, कुणासाठी. मी म्हटलं, रुचाच्या बाळासाठी, विनीतच्या हाती सेटवर पाठवीन. आता ती अर्धी शिवलेली कुंची मशीनवर पडून आहे आणि हे रोज येता-जाता तिच्याकडे बघतात. हे स्वतः मालिका बघत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. रोज साडेसातला दाढीचं सामान घेऊन आरशापुढे उभे राहतात. दाढी सकाळीच झालेली असते. आरशात टीव्ही दिसतो.

तर तेवढं कळवा, की ते मधले महिने कसे गेले. पाच वर्षं तुम्ही गिळलीत, तुमच्याकडे ती कुठेतरी असतीलच. चाळीतल्या बायका विचारताहेत म्हणून विचारते.

फोन करू नका. आमच्या घरातला चांगला फोन सुनेकडे असतो. पत्रच पाठवा.

शेवंती धुरी


दादर,
१२ नोव्हेंबर २०२४

शेवंतीकाकू,

तुमचं पत्र तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझ्या आधी वाचलं. पाकिटावर माझं नाव होतं तरी फोडलं. हाताने लिहिलेलं पत्र आमच्या दारात कितीतरी वर्षांनी आलं, त्यांना राहवलं नाही. वाचून झाल्यावर म्हणाले, बाईंचं म्हणणं बरोबर आहे. तेव्हापासून ते माझ्याशी जरा तुटक वागताहेत.

मालिका कशी बंद होते ते सांगते. दर गुरुवारी आकडे येतात, कोणती मालिका किती घरांत पाहिली गेली त्याचे. आमचे आकडे पावसाळ्यापासून उतरत होते. दिवाळीच्या तोंडावर चॅनेलमधून फोन आला, पुढच्या शनिवारी संपवा. पद्मजा रडते तो प्रसंग मी मेकअपच्या खोलीत बसून लिहिला, बाहेर कॅमेरा लावून सगळे कागदाची वाट बघत होते. तुम्हाला तो खोटा वाटला असेल तर तो खोटाच होता.

पण काकू, ते मधले महिने माझ्याकडे नाहीत. रुचा म्हणजे मी लिहिलेले कागद आणि ते जीव ओतून म्हणणारी एक गुणी मुलगी. कागद संपले, ती मुलगी आता दुसऱ्या मालिकेत पोलीस झाली आहे. रुचा सुखरूप बाळंत झाली असं धरून चाला. साडेसातला नवी मालिका लागते, ती बघत जा, तुम्हाला करमेल. कुंची मात्र पुरी करा. कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

तुमची माया पोचली. या दिवसांत ती फार हवी होती.

इरावती


लालबाग,
१७ नोव्हेंबर २०२४

इरावतीबाई,

काकू नको. काकू दादरला असतात, आमच्याकडे काकी म्हणतात.

तुम्हाला करमेल, असं लिहिलंत. मला न करमायला वेळ कुठे आहे? चाळीतल्या बायका विचारताहेत हे मी लिहिलं ते अर्धंच खरं. त्या विचारतात, पण त्यांच्यासाठी मी कागद घेऊन बसले नसते. आता खरं काय ते सांगते, आणि हे तुमच्या तात्यांनी वाचलं तरी चालेल.

माझी सून आकांक्षा. हितेंद्रची बायको. तिला याआधी दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा हाती काही लागलं नाही. दुसऱ्या खेपेला पाचवा महिना होता. त्यानंतर ती बरेच दिवस माहेरी भायखळ्याला जाऊन राहिली आणि आली ती घुमी होऊन आली. आता तिसरी खेप आहे. घरात बाळ हा शब्द काढायचा नाही असं कुणी ठरवलं नाही, पण कुणी काढत नाही. हितेंद्र तिला डॉक्टरकडे नेतो, परत आले की दोघं गप्प. मी विचारायला तोंड उघडते आणि माझ्याच तोंडून निघतं, चहा टाकू का.

पण साडेसातला ती माझ्या शेजारी येऊन बसायची. रुचालाही त्याच सुमारास दिवस गेलेले. मग आकांक्षा म्हणायची, रुचाच्या पायांना सूज येत असेल नाही. मी काही न विचारता घमेल्यात कोमट पाणी आणि मीठ घालून आणून ठेवायची. एकदा जाहिराती चालू होत्या, तेव्हा टीव्हीकडे बघत म्हणाली, "रुचाला आता आतून हललेलं कळत असेल." मी उठून देवाला दिवा लावून आले. आमच्याकडचं हललं होतं. असं मला माझ्या घरातलं तुमच्या मालिकेतून कळत होतं.

तुम्ही रुचाला पाच वर्षं पुढे घेऊन गेलात आणि माझ्या सुनेला सहाव्या महिन्यात एकटीला सोडलंत. त्या शनिवारपासून ती त्यावर एक अक्षर बोललेली नाही. साडेसातला टीव्ही लागतो, ती आत कपड्यांच्या घड्या करते.

कुंचीही खरं म्हणजे कुणासाठी ते तुम्ही ओळखलं असेल. बाळ यायच्या आधी बाळाचे कपडे शिवत नाहीत आमच्यात. रुचाच्या नावाने शिवत होते.

तुम्ही लिहा. सहावा सरून सातवा, आठवा, नववा. मी तिला वाचून दाखवीन, सांगेन की चॅनेलने छापलंय. तुमच्याकडे ते महिने नाहीत म्हणता, तर तयार करा. पहिलेसुद्धा तुम्हीच तयार केले होते ना?

शेवंती


दादर,
२३ नोव्हेंबर २०२४

शेवंतीकाकी,

तुम्हाला नवी मालिका बघायला सांगणारी मी कोण, असं वाटून दोन दिवस तोंड लपवून बसले होते. माफ करा.

सोबत वेगळ्या कागदावर एक भाग पाठवते. कायद्याने रुचावर माझा काही हक्क नाही, ती चॅनेलची आहे. पण लालबागच्या एका खोलीत तिच्याबद्दल कुणी मोठ्याने वाचलं तर ते काही शोधत येणार नाहीत.

एक गंमत सांगते. मालिका लिहिताना कुणीही गप्प बसलेलं चालत नाही. गप्प बसलं की लोक चॅनेल बदलतात. म्हणून आमची माणसं अखंड बोलतात. या भागात पहिल्यांदाच मी दोन बायकांना हवं तेवढं गप्प बसू दिलं.

इरावती

(सोबतचा कागद)

दुपार. रुचाच्या सासूबाई स्वयंपाकघरात आवळे किसताहेत. रुचा दाराशी येऊन उभी राहते. सासूबाई वळून बघत नाहीत, नुसत्या थोड्या सरकतात, त्यामुळे शेजारी पाटावर जागा होते. रुचा बसते. दुसरी किसणी घेते. बराच वेळ दोघी किसत राहतात. परातीत ढीग होतो. मग रुचा खालीच बघत म्हणते, "आज सकाळपासून हा स्वस्थ बसलेला नाही." सासूबाई किसणी खाली ठेवतात. पदराला हात पुसतात. आणि एवढंच म्हणतात, "बघू."


लालबाग,
५ डिसेंबर २०२४

इरावती बाय,

आता तुला तू म्हणते. विनीत म्हणाला की तू छत्तीस वर्षांची आहेस, म्हणजे माझ्या हितेंद्रच्याच वयाची.

कागद आला त्या दिवशी साडेसातला टीव्ही लावलाच नाही. मी म्हटलं, चॅनेलने पुढचं लिहून पाठवलंय, पत्र लिहिणाऱ्या प्रेक्षकांना देतात. आकांक्षा मोरीजवळ उभी होती, ती जवळ येऊन बसली. मी वाचलं. मला मालिकेतल्यासारखं वाचता येत नाही, दूरचा चष्मा लावला होता तो बदलायला पुन्हा उठले. ह्यांनी आरशापुढून विचारलं, "मगे फुडे काय?" दाढीचा ब्रश तसाच गालाला.

'बघू' हा शब्द वाचून मी थांबले. पुढे काही नव्हतंच. आकांक्षाने माझा हात उचलला आणि स्वतःच्या पोटावर ठेवला. "रुचाचं असंच हलत असेल," म्हणाली. बाय, मला त्या पोराची टाच लागली. हाताला लागली. मला काय वाटलं ते लिहिता येत नाही, तू लेखिका आहेस, तूच काय ते समज.

आता चुका सांगते. रुचाच्या सासरी, तुझ्या त्या सरपोतदारांच्या घरी, दोन वर्षं मी फक्त वरणभात आणि श्रीखंड बघितलं. सातव्या महिन्यातल्या बाईला आवळ्यावर भागवू नकोस. तिला काहीतरी झणझणीत हवंसं वाटू दे. सुकट घाल. सरपोतदारांना चालत नसेल तर तो त्यांचा प्रश्न.

पुढचा भाग लवकर पाठव. रोजची सवय आहे आम्हाला, महिन्याला एक म्हणजे उपासच.

काकी


परळ,
१६ डिसेंबर २०२४

इरावती मॅडम,

मी आकांक्षा हितेंद्र धुरी. शेवंती धुरींची सून. हे पत्र मी ऑफिसमधून लिहितेय आणि विनीतकडे देतेय. आईंना कळू देऊ नका.

रुचा खरी नाही हे मला माहीत आहे. चॅनेल असे कागद पाठवत नाही हेही माहीत आहे, ते निळ्या पेनाने लिहिलेले आहेत आणि आई वाचताना ते माझ्याच बाजूला धरतात. पुढच्या कागदात सरपोतदारांच्या घरी सुकट शिजली आणि पद्मजाने ती मच्छीमार नगरातून लपवून आणली, तेव्हा तर सासरे आरशापुढे एवढे हसले की गाल कापला. दुसऱ्या दिवशी मला डब्यात सुकट मिळाली. मला ती हवी होती हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

आईंना वाटतं, रुचाशिवाय मला बोलता येत नाही. मॅडम, आईंना बोलता येत नाही. गेल्या खेपेला मी हॉस्पिटलमधून आले तेव्हा त्या नुसती पेज करून माझ्यापुढे ठेवत होत्या आणि दाराकडे तोंड करून बसत होत्या. मला वाटलं, माझ्यावर राग आहे. म्हणून माहेरी गेले. नंतर कळलं की त्या रडलेले डोळे दिसू नयेत म्हणून तशा बसायच्या. रुचाचं नाव असलं की त्या विचारतात, दुखतं का, झोप लागली का. म्हणून मी रुचाला सोडलं नाही. थोडं माझंही आहे त्यात, नाही असं नाही.

एक विनंती आहे. तुमची कागदावरची रुचा फार शहाणी झाली आहे. हसते, खाते, आवळे किसते. तिला भीती वाटत नाही का? मला वाटते. मी मोरीचा नळ सोडून रडते, म्हणजे आवाज जात नाही. तिला काही होऊ देऊ नका, पण तिला भीती वाटते असं एकदा लिहा. मला बघायचंय की तिच्या सासूबाई काय म्हणतात.

आकांक्षा


दादर,
२२ डिसेंबर २०२४

शेवंतीकाकी,

भाग पाठवते. हा लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि तरी तो अर्धा आहे. त्यात रुचा सासूबाईंना सांगते की तिला भीती वाटते. "आई, मला हे बाळ एवढं हवंय की मी त्याचं नावसुद्धा मनात घेत नाही," असं म्हणते. सासूबाई त्यावर काय बोलतील ते मला सुचलं नाही. चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा ते मालिकेसारखं झालं.

मला सासू नाही, आईही लवकर गेली. त्यामुळे तिथे जागा कोरी ठेवली आहे. वाचताना तुम्हाला जे वाटेल ते तिथे म्हणा आणि मला कळवा, म्हणजे मी पुढचं लिहीन.

इरावती


लालबाग,
६ जानेवारी २०२५

इरावती बाय,

तू मला चांगलंच अडकवलंस. वाचत वाचत त्या कोऱ्या जागेपाशी आले आणि चष्मा पुसत बसले. आकांक्षा माझ्याकडे बघत होती. हे आरसा सोडून सरळ खुर्चीत येऊन बसले होते.

काय म्हणू? घाबरू नको म्हणायचं मनात आलं, पण ते सगळेच म्हणतात. शेवटी मी म्हटलं, "मलाही वाटते. तुझ्याइतकीच वाटते. तू मोरीत नळ सोडतेस तेव्हा मी बाहेर उभी असते. पुढच्या वेळी दार उघडं ठेव, मी आत येईन." हे मी रुचाला म्हटलं की आकांक्षाला, ते मला आता सांगता येत नाही. ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मी तिच्या केसांत तेल घातलं. दुसरं काय करणार होते?

मग रविवारी काय झालं ते ऐक. बायका ओटी भरण्याचा विषय काढत होत्या आणि मी त्यांना गप्प करत होते. आकांक्षा गेल्या दोन्ही खेपांचं मनात धरून आहे, तिला नटवून चौरंगावर बसवायचं म्हणजे तिच्या जिवाला घोर. तर तीच बाहेर आली आणि म्हणाली, "रुचाचं डोहाळजेवण राहिलंय ना? तिच्या वतीने मी बसते. ओटी तिची."

इरावती, सगळ्या मजल्याने हे एका शब्दात मान्य केलं. हिरवी साडी नेसवली. फुलांची वाडी मी स्वतः दादरला जाऊन आणली, तुझ्या घरावरूनच आले असेन. पेढा आणि बर्फी वाट्यांखाली झाकून ठेवली आणि तिला एक वाटी उघडायला लावली. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी, हा खेळ. बर्फी निघाली. लगेच बायका म्हणाल्या की रुचाला तर नील झाला, मालिकेने चुकीचं दाखवलं. केवढं हसू झालं. मी ओटी भरताना मोठ्याने म्हटलं, रुचा, सुखरूप सुट. आणि मनातल्या मनात दुसरं नाव घेतलं.

ओटीतला नारळ आकांक्षाने देवाजवळ ठेवलाय. रुचाचा आहे, कुणी फोडू नका म्हणते.

काकी


दादर,
२० फेब्रुवारी २०२५

शेवंतीकाकी,

नवव्या महिन्याचे दोन भाग पाठवले होते, पोचले का? महिना उलटून गेला, तुमचं काही नाही. विनीतला फोन केला, तो बाहेरगावी शूटिंगला आहे म्हणे, लागत नाही. तात्या रोज खाली टपालाच्या पेटीपर्यंत जातात आणि रिकाम्या हातांनी वर येतात.

मी लालबागला यायला निघाले होते आणि परळवरून परत फिरले. तुमच्या दारात उभी राहून मी काय विचारणार होते? माझा तुमच्या घराशी संबंध तो केवढा.

एक ओळ लिहा. काहीही असलं तरी लिहा.

इरावती


लालबाग,
२ मार्च २०२५

इरावती बाय,

मुलगी झाली. आधी हे लिहिते, बाकीचं सावकाश वाच.

महिनाभर आधीच आली. त्या दिवशी सकाळी आकांक्षाला कळा सुरू झाल्या, हितेंद्र कामावर निघून गेलेला. मी आणि हे तिला टॅक्सीत घालून निघालो. हे पुढे बसून ड्रायव्हरला उगाचच रस्ता सांगत होते. पुलापाशी गाडी अडकली तेव्हा आकांक्षाने माझा हात धरला आणि म्हणाली, "आई, मला भीती वाटते." रुचाला वाटते म्हणाली नाही, मला म्हणाली. मी म्हटलं, मी आहे ना. एवढंच म्हटलं, पण ह्या खेपेला तिच्याकडे तोंड करून म्हटलं.

पोर एवढीशी होती, काचेच्या पेटीत ठेवली. ते दिवस मी लिहीत नाही. तुझे नवव्या महिन्याचे भाग पिशवीतच राहिले, आम्ही कुणी उघडले नाहीत. आकांक्षा म्हणाली, आता रुचाचं रुचा बघेल. गेल्या सोमवारी घरी आलो. कुंची पुरी केली, ती तिला अजून मोठी होते, डोळ्यांवर येते.

आता काम. बारसं १६ मार्चला, रविवारी. बाळाच्या कानात नाव आत्याने सांगायचं असतं. हितेंद्रला बहीण नाही. मजल्यावरच्या चौघी-पाच जणी आत्या व्हायला टपून बसल्यात, पण आकांक्षा म्हणते, आत्या दादरहून येणार; कागद कोण लिहितं ते तिला पहिल्यापासून माहीत होतं म्हणे. मलाही तेच हवंय. तुझ्या रुचाच्या पोराचं बारसं तू गिळलंस, हे आता भरून दे. तात्यांना घेऊन ये.

काकी


दादर,
६ मार्च २०२५

काकी,

तुमचं पत्र तात्यांनी फोडलं, पहिली ओळ वाचली आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी किती वेळ रडले ते विचारू नका.

पण मी आत्या होऊ शकत नाही. का, ते तुम्हाला सांगायला हवं, नाहीतर मी तुमच्या घरी खोटी येईन.

मालिका बंद झाली नसती तर रुचाचं बाळ जगणार नव्हतं. ऑक्टोबरातच ठरलं होतं. आकडे वर आणायचे म्हणून दिवाळीनंतरच्या सोमवारी ती जिन्यावरून पडणार होती. तुम्ही लिहिलं होतं ना, तिला जिना चढताना धाप लागत होती? ती त्यासाठीच दाखवत होतो, आधीपासून. मीटिंगमध्ये मी नको म्हटलं, भांडले, हरले आणि घरी येऊन तो भाग लिहिला. चांगला लिहिला. ज्या दिवशी पाठवायचा त्याच दिवशी फोन आला की मालिका संपवा. घाईत कुणाला त्या जिन्याची आठवण राहिली नाही, आणि मी गुपचूप एक मुलगा बॅट घेऊन धावताना लिहिला.

म्हणजे तुम्ही ज्यावर रागावलात, त्या 'पाच वर्षांनंतर'नेच ते बाळ वाचवलं. आणि मालिका चालू राहिली असती तर आकांक्षाने तो भाग तुमच्या शेजारी बसून साडेसातला पाहिला असता. मी लिहिलेला.

नव्या मालिकेचं विचारणं आलंय. अजून हो म्हटलेलं नाही. म्हणावंसं वाटत नाही.

बाळाला माझे आशीर्वाद. नाव दुसऱ्या कुणाकडून ठेवून घ्या.

इरावती


लालबाग,
९ मार्च २०२५

इरावती बाय,

तू काय मला नवीन सांगितलंस?

अगं, आयुष्य गेलं माझं मालिका बघण्यात. एका आठवड्यात तीनदा जिना दाखवलात. सौमित्रने तिला गजरा आणला, सासूने वाकी दिली, पद्मजासुद्धा हसून बोलली. बाई एवढी सुखात दाखवली की पुढे काय वाढून ठेवलंय ते आम्हाला कळतं. मला कळलं आणि मी आकांक्षाकडे बघितलं. ती गजरा बघत होती. तिला हे दाखवायचं कसं? टीव्ही बंद ठेवला तर ती विचारेल का, आणि मग मी काय सांगू?

मी ह्यांना मोरीपाशी नेऊन सांगितलं. मालिका न बघणारा माणूस मला म्हणाला, "जिन्याचा माका पण दिसला." मग आम्ही दोघांनी, आकांक्षा कामावर असताना, देवापुढे नारळ ठेवला. आमच्याकडे काही अडलं की गाऱ्हाणं घालतात, तुला ठाऊक असेल. ह्यांनी हात जोडून घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या सिरेलीत त्या पोराचा काय वायट होवचा आसात, तर त्येच्या आदीच ती सिरेल बंद पडांदे रे म्हाराजा." मी मागे उभी राहून म्हटलं, व्हय म्हाराजा. आणि त्या शुक्रवारी विनीत तोंड पाडून जिना चढून आला.

तेव्हा तुझी मालिका आम्ही दोघांनी बंद पाडली, आकडेबिकडे राहू देत. मग तुला रागाचं पत्र का लिहिलं म्हणशील. आम्ही बंद पाड म्हटलं होतं, मधले महिने गिळून टाक असं कुठे म्हटलं होतं? गाऱ्हाण्यात सगळं नीट उलगडून सांगावं लागतं, राहिलं ते राहिलं. ह्यांच्याकडून सांगायचं राहिलं की त्या लेखिकेचं आणि आमच्या विनीतचं काम जाऊ नये. ती चूक आमची. विनीतला काम मिळालं, तू राहिलीस. तुझी पत्रं येत होती तेव्हा मला रोज तेच टोचत होतं.

तू तो भाग लिहिलास, खरं. मग सुकट लिहिलीस, आवळे लिहिलेस, आणि जिथे तुला येत नव्हतं तिथे माझ्यासाठी जागा सोडलीस. माझ्या सुनेचं डोकं माझ्या मांडीवर आलं ते त्या कोऱ्या जागेमुळे. आत्या व्हायला आणखी काय लागतं?

आकांक्षाला मी हे पत्र वाचून दाखवलं, तुझंही दाखवलं. ती म्हणाली, मग रुचाचा नारळ आता फोडायला हरकत नाही. तो तिने तुझ्यासाठी ठेवलाय. बारसं झालं की हे त्याच नारळावर तुझ्या नव्या कामाचं गाऱ्हाणं घालतील आणि तुला मागे उभं राहून व्हय म्हाराजा म्हणायचंय. फक्त ह्यांची एक अट आहे. त्या नव्या मालिकेत कुणाच्या पोटातल्या जिवाला धक्का लावायचा नाही. एवढं कबूल असेल तर रविवारी सकाळी ये. नाव आम्ही तुला दारातच सांगू.

काकी